जखमेचा दाखला

रणांगणावर जखमी झालेला सैनिक निवृत्तीनंतर वीस-तीस वर्षांनी आपल्या जखमेचे पदक मागतो, तेव्हा त्याच्या अर्जाकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रूढ आहेत. काहींना त्यात सरकारी दिरंगाईची आणखी एक कहाणी दिसते. काहींना वाटते, पेन्शन चालू आहे, मुले मार्गी लागली, आता या वयात पदकाचा हट्ट कशाला? दोन्हीकडे सैनिक हा मागणारा आणि सरकार हे देणारे, हे गृहीत धरलेले असते. ते गृहीतकच तपासायला हवे. शौर्यपदकाची गोष्ट वेगळी. तिथे पराक्रम कोणीतरी पाहिलेला असावा लागतो, शिफारस व्हावी लागते, एकाच्या धाडसाची दुसऱ्याच्या धाडसाशी तुलना करावी लागते. त्यात देणाऱ्याच्या मताला जागा आहे. जखमेच्या पदकात मताला फारशी जागा नाही. जखम झाली की नाही आणि ती शत्रूच्या कारवाईत झाली की नाही, एवढ्या दोनच गोष्टी ठरवायच्या असतात, आणि त्या सरकारच्याच डॉक्टराने, सरकारच्याच रुग्णालयात, सरकारच्याच कागदावर आधी लिहिलेल्या असतात. मग जे सरकारच्या दप्तरात आहे ते सरकारकडेच मागण्याची पाळी सैनिकावर का यावी? माझे म्हणणे असे, की या पदकासाठी अर्ज करावा लागणे हा सैनिकी शिस्तीचा भाग नव्हे. इतिहासात पडलेली ती एक वाईट सवय आहे. बुलढाणा जिल्हा आणि त्याच्या शेजारचा मुलूख यांच्या इतिहासात ही सवय कशी पडली हे पाहता येते, आणि तिच्याआधी वेगळी रीत होती हेही दिसते.

त्या वेगळ्या रीतीचा धागा सिंदखेडराजाशी जुळतो. लखुजी जाधवरावांच्या या गावी जिजाबाईंचा जन्म झाला, आणि त्यांच्या मुलाच्या राज्यात जखमी शिपायाचे काय करत हे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहून ठेवले आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत लिहिलेल्या त्याच्या बखरीत, १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाच्या फौजेचा मोड झाल्यावर काय वाटप झाले, त्याची हकिकत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालवले. जखमींना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले, आणि ते जखम पाहून दिले. विशेष पराक्रम केलेल्यांना हत्ती, घोडे, कडी, तुरे अशी बक्षिसे दिली, ती याहून निराळी. या तपशिलाकडे नीट पाहावे. जखमेचा मोबदला आणि पराक्रमाचा सन्मान ही दोन खाती सभासदाच्या हकिकतीत स्वतंत्र आहेत. जखमीने शौर्य गाजवले होते का, हा प्रश्न पहिल्या खात्यात येतच नाही. जखम केवढी, हाच येतो. आणि वाटप लढाई संपताच, फौज गोळा असतानाच झाले, जेव्हा जखम सगळ्यांसमोर होती. बखर हे दरबारी लेखन आहे, त्यात राजाची थोरवी सांगण्याचा हेतू असतो, हे मान्य. तरीही थोरवी सांगताना लेखकाला नेमकी हीच गोष्ट सांगावीशी वाटली, यावरून त्या काळच्या लोकांना चांगल्या राज्यकर्त्याकडून काय अपेक्षित होते ते कळते. पुढे पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशीच्या नेमणुका चालत, त्यामागेही हीच समजूत होती.

ही रीत उलटी कधी झाली, त्याची एक ठळक खूण १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाशी बांधलेली आहे. त्या वर्षीच्या तीन मोठ्या लढाया आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या आजूबाजूलाच झाल्या. २३ सप्टेंबरला असई, आता जालना जिल्ह्यात. नोव्हेंबरच्या अखेरीस अडगाव, आता अकोला जिल्ह्यात. आणि १५ डिसेंबरला अमरावतीकडचा गाविलगड. एकट्या असईत कंपनीच्या फौजेतले मृत आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूची हानी फक्त अंदाजाने सांगितली जाते. या लढायांबद्दल विजयी फौजेतल्या सामान्य शिपायाला पदक केव्हा मिळाले? १८५१ साली. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ या नावाचे हे पदक १८०३ ते १८२६ या काळातल्या मोहिमांसाठी होते, आणि असई, अडगाव, गाविलगड यांच्या स्वतंत्र पट्ट्या त्याच्या फितीवर बसत. पण ते फक्त हयात असलेल्यांना आणि ज्यांनी आपला हक्क सांगितला त्यांनाच मिळायचे. असईच्या वेळी वीस वर्षांचा असलेला शिपाई तोवर अडुसष्ट वर्षांचा झालेला. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत बहुतेक जण गेलेले, उरलेल्यांपैकी ज्याच्यापर्यंत बातमी पोहोचली, ज्याला अर्ज लिहून देणारा भेटला, त्याच्याच छातीवर ते लागले. हयात असणे, बातमी कळणे आणि अर्ज करता येणे, या तीन चाळण्यांतून जो खाली उतरला तो शूर ठरला. पदक मागून घ्यायचे असते, ही कल्पना आपल्या मुलखात रुजली ती अशी.

त्यानंतर दोनच वर्षांनी वऱ्हाडाचे फौजेशी असलेले नाते आणखी एका रीतीने पक्के झाले. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीकडे लावून दिले, आणि त्याचे कारणच फौज हे होते. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज, पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने, पोसण्यासाठी या मुलखाचा वसूल राखून ठेवला गेला. सुरुवातीच्या व्यवस्थेत वऱ्हाडाचे दोन भाग केले, त्यातल्या उत्तर भागाचे मुख्य ठाणे बुलढाणा. म्हणजे मेहकर, चिखली, मलकापूरच्या काळ्या जमिनीतला शेतसारा पुढची पन्नास वर्षे शिपायांच्या पगारात जात होता. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले गेले, १९०३ मध्ये कंटिन्जंटचे वेगळे अस्तित्व संपले आणि तिच्या पलटणी भारतीय सैन्यात मिसळल्या. त्यातल्या एका पलटणीला ‘बेरार इन्फन्ट्री’ असे नाव मिळाले. ती पुढे हैदराबाद रेजिमेंटमधून कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेली. त्या फौजेतले शिपाई मुख्यतः उत्तरेकडचे होते, वऱ्हाडी कुणबी तिच्यात क्वचितच. तरी या हिशेबाचा एक परिणाम उरतो. ज्या जिल्ह्याच्या वसुलावर अर्धे शतक एक फौज चालली, त्या जिल्ह्याच्या कारभाराला फौजेचे कागद परके नव्हते. पगार, नेमणूक, वसूल यांचे पै-पैचे हिशेब ठेवणारी यंत्रणा जखमेचाही हिशेब ठेवू शकते. ठेवायचा असे कोणी ठरवले, तर.

ते ठरवले गेल्याचे एक उदाहरण पहिल्या महायुद्धात सापडते. जुलै १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने जखमेची पट्टी सुरू केली: डाव्या बाहीवर उभी शिवलेली, दोन इंच लांबीची सोनेरी वेणी, जितक्यांदा जखमी तितक्या. ती कोणाला लावता येईल, याचे उत्तर आदेशातच होते. ज्याचे नाव जखमींच्या अधिकृत यादीत आले आहे, त्याला. म्हणजे शिपायाने काही सिद्ध करायचे नव्हते. यादी करणे हे मुख्यालयाचे काम होते आणि यादी हाच पुरावा होता. पण त्याच युद्धानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ज्या संगमरवरी पाट्या बसल्या, त्या पाहिल्या की दुसरी बाजू दिसते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर आणि दोन आकडे. गेलेले आणि मेलेले. मेसोपोटेमियात हात गमावून किंवा मांडीत छर्रे घेऊन परत आलेल्यासाठी त्या दगडावर जागा नाही; तो गेलेल्यांच्या आकड्यात आहे आणि परत आल्यामुळे मेलेल्यांच्या आकड्यात नाही. समाजाची स्मृती आजही बहुतांशी त्या पाटीसारखीच चालते. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला, त्यात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. जिल्हा त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरला, आणि ते योग्यच होते. पण जो जवान पाय गमावून वाचतो तो एसटीने गावी येतो, आणि त्याच्या जखमेची सार्वजनिक नोंद व्हायची असेल तर ती करणारी एकच वस्तू आहे. ती म्हणजे पदक.

स्वतंत्र भारतात ही वस्तू १९७३ साली आली. तोवर काश्मीरची पहिली लढाई, चीनचे युद्ध, १९६५ आणि १९७१ ही युद्धे होऊन गेली होती. आधी त्याचे नाव जखमेचे पदक असेच होते, पुढे ते पराक्रम पदक झाले. गोल, तांबे-निकेलच्या मिश्र धातूचे, वर राजमुद्रा. पांढरी फीत आणि तिच्या मधोमध लाल पट्टा. कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाचे होऊ शकत नाही. अट एकच: कोणत्याही मोहिमेत किंवा बंडखोरीविरोधी कारवाईत शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईने झालेली जखम. अट साधी आहे, मग गाडे अडते कुठे? कागदाच्या प्रवासात. जखमी जवान रेजिमेंटल एड पोस्टवरून मागच्या रुग्णालयात आणि तिथून बेस हॉस्पिटलला जातो. त्याची पलटण इकडे पुढे सरकते. त्याच्या जखमेची नोंद पलटणीच्या क्लार्कने ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये काढायची असते, त्याच आदेशात, ज्यात एरवी जवानाचे लग्न आणि मुलाचा जन्म नोंदला जातो. ती ऑर्डर निघाली तर रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने तो जखमी. धावपळीत निघाली नाही, किंवा निघाली आणि तिच्यात जखम ‘दुखापत’ म्हणून आली, तर रुग्णालयाच्या कागदात गोळीची खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली असूनही रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने तो नुसताच आजारी पडलेला. असा जवान रुग्णालयातून परस्पर मेडिकल बोर्डासमोर जातो आणि घरी येतो, आणि डिस्चार्ज बुकातले पदकांचे पान त्या एका नोंदीवाचून राहते. महार रेजिमेंटचा असेल तर त्याचे कागद सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला. चूक पलटणीच्या टेबलावर झालेली असते आणि ती दुरुस्त करण्याचा खटाटोप देऊळगाव राजातल्या किंवा संग्रामपुरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पडतो. त्यासाठी तो बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतो. तिथून अर्ज पुढे जातो, पण अर्ज लिहायला सुरुवात त्याने करायची असते.

यावर पहिला आक्षेप खुद्द फौजी माणसांकडूनच येतो. पदक मागून घ्यायचे नसते, ते आपोआप यावे. मागितलेल्या पदकाला काय अर्थ? या आक्षेपात स्वाभिमान आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात निवृत्त सैनिकाच्या अर्जाची परंपरा लाचारीची नाही. १८९० नंतरच्या काळात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८८६ साली सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून अनार्य दोष परिहार मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा सरकारपुढे मांडली. महार शिपायांनी कंपनीसाठी लढून दाखवले आहे, हा या मागणीचा आधार होता. सेवा झालेली आहे, ती तुमच्याच नोंदीत आहे, आता तुम्ही तिला नाकारू शकत नाही, असा तो युक्तिवाद आहे. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. जखमेचे पदक मागणारा आजचा माजी सैनिक याच प्रकारचा अर्ज करतो. तो स्वतःला शूर म्हणवून घेत नाही. तुमच्या कागदात जे आहे ते वाचा, एवढेच म्हणतो. अर्ज करण्यात कमीपणा नाही, हे मी ठामपणे म्हणेन. अर्ज करायला लावण्यात मात्र आहे, आणि तो करायला लावणाऱ्याच्या पदरी जातो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक. तीस वर्षांनी केलेला दावा तपासायचा कसा? साक्षीदार उरत नाहीत, कागद नियमानुसार नष्ट केले जातात, आणि एकाला दिले की खोटे दावेदार रांग लावतील. खोट्या दाव्याची भीती खरी आहे, आणि खोटे पदक खऱ्या जखमीचा अपमान करते. पण ही भीती साक्षीदारांवर चालणाऱ्या पदकाला लागू होते. जखम शरीरावर असते. डॉक्टर गोळीचा व्रण आणि यंत्रात सापडलेल्या हाताचा व्रण ओळखतो. मेडिकल बोर्डाचे कागद पेन्शनच्या फाइलीत जातात, आणि पेन्शन चालू असेतो ती फाइल जिवंत असते. कागद हरवला तर नुकसान कोणाचे, याबाबत आपल्या न्यायालयांनी अपंगत्व पेन्शनच्या संदर्भात मार्ग दाखवलेला आहे. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे धरावे, आणि उलटे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली उशिरा आलेला दावा न्यायालयाने फेटाळला नाही. थकबाकी मात्र तीन वर्षांपुरती मर्यादित केली. हे निकाल पदकाबद्दलचे नाहीत, आणि ते तसेच्या तसे पदकाला लावता येतील असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण त्यातला विचार लागू पडतो. उशिराच्या दाव्याला कायदा घाबरतो तो मुख्यतः थकबाकीमुळे, तिजोरीवर एकदम पडणाऱ्या बोजामुळे. पदकाला थकबाकी नसते. ते वेळेवर दिले काय आणि आज दिले काय, सरकारला तेवढाच धातू आणि तेवढीच फीत लागते. मग मुदत उलटल्याचे कारण इथे कोणाचे रक्षण करते?

तिसरा आक्षेप असा, की खरा प्रश्न पेन्शनचा आहे. पदक ही भावनेची बाब. पोटाचा प्रश्न आधी, यात वाद नाही. पण प्रतापगडानंतरच्या वाटपातही जखमीला होन दिले ते फौजेसमोर दिले, अंधारात हातावर ठेवले नाहीत. पेन्शन दर महिन्याला बँकेत येते, ती का येते हे शेजाऱ्यालाही माहीत नसते. आणि मान्यतेला उशीर झाला की काय होते, त्याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मधल्या काळात पोहणे विसरले गेले आणि युद्धातली जखमही. ज्याच्या हाती जागतिक सुवर्णपदक होते त्याची ही कथा. ज्याच्याकडे फक्त एक व्रण आहे त्याला किती वाट पाहावी लागेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

उरतो तो सीमारेषेचा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. जखमेचे पदक सैल हाताने वाटले तर त्याचा अर्थ जाईल. सियाचिनच्या हिमदंशात बोटे गेलेला, गाडी दरीत कोसळून पाठ मोडलेला, आपल्याच सैन्याने पेरलेल्या सुरुंगावर पाय पडलेला, या सगळ्यांना एकच पदक द्यायचे का? अमेरिकेतल्या ‘पर्पल हार्ट’ या जखमेच्या पदकालाही हा प्रश्न सुटलेला नाही, स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला झालेली, बाहेरून न दिसणारी इजा केव्हा धरायची याचे निकष तिथल्या सैन्याला २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट करावे लागले. निकष सैल करा असे माझे म्हणणे नाही. शत्रूची प्रत्यक्ष कारवाई ही अट राहावी. तिच्यामुळेच त्या पांढऱ्या-लाल फितीला वजन आहे. पण ही अट कोण पूर्ण करतो हे शोधण्याचे साधन सरकारकडे आधीच तयार आहे. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने सैनिकांचे मृत्यू आणि अपंगत्व ए ते ई अशा पाच वर्गांत विभागले. त्यातला शेवटचा वर्ग युद्ध, सीमेवरच्या चकमकी, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई यांतल्या जखमांचा. त्यातच सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेल्या जखमाही येतात. या वर्गातल्या प्रत्येकाला युद्धजखम पेन्शन मिळते, आणि ती देण्यापूर्वी जखम कशी झाली याची चौकशी झालेली असते. पेन्शनचा हा वर्ग पदकाच्या अटीपेक्षा रुंद आहे, म्हणून तो जसाच्या तसा लावता येणार नाही. सुरुंग पेरताना जखमी झालेला गाळावा लागेल, अतिरेक्याच्या गोळीने जखमी झालेला राहील. पण कारण फाइलीत लिहिलेले असल्यामुळे ही गाळणी टेबलावर बसून करता येते. स्पर्श प्रणाली आल्यापासून सैनिकांचे पेन्शन संगणकावर आहे. युद्धजखम पेन्शन घेणाऱ्यांची यादी एका बाजूला आणि पराक्रम पदक मिळालेल्यांची यादी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेली नावे समोर येतील. त्यांतली बुलढाणा जिल्ह्याची नावे काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवणे हे रेकॉर्ड ऑफिसांचे काम आहे. मग त्या माणसाला पत्र कार्यालयाकडून जाईल, आणि त्याच्याकडून फक्त होकार आणि पत्ता एवढेच यावे लागेल.